नॅनोकण ‘हरित’ कशावरून?

महोदय,

वनस्पतींच्या अर्कापासून जीवाणूनाशक नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, तयार केल्याच्या बातम्या अलीकडे वरचेवर वाचनात येतात. पानांच्या अर्कात झिंक नायट्रेट मिसळून, ते मिश्रण तापवून शेवटी झिंक ऑक्साइडची, म्हणजे जस्ताच्या ऑक्साइडची, पांढरी भुकटी मिळवण्याची ही ‘हरित’ (पर्यावरणपूरक) म्हणवली जाणारी रीत सोपी आणि कमी खर्चाची आहे, हे मान्य. मात्र तिच्याविषयी जे सांगितले जाते, ते तपासून घेतलेले दिसत नाही.

अर्कातील पॉलिफिनॉल ही रसायने जस्ताच्या आयनांचे (विद्युतभारित अणूंचे) क्षपण करून, म्हणजे त्यांना इलेक्ट्रॉन देऊन, झिंक ऑक्साइड बनवतात, असे सर्रास लिहिले जाते. चांदीच्या बाबतीत ते बरोबर आहे, कारण तेथे आयनापासून धातू तयार होतो. जस्त मात्र नायट्रेटमध्येही अधिक दोन विद्युतभाराच्या अवस्थेत असते आणि ऑक्साइडमध्येही अधिक दोनच. मग क्षपण झाले कशाचे? येथे अर्कातील रेणू जस्ताचे आयन बांधून ठेवतात आणि कणांची वाढ आवरतात, एवढेच. प्रत्यक्ष ऑक्साइड बहुतेक वेळा पुढे भट्टीत, ४०० ते ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास, तयार होते. त्या तापमानाला ज्या वनस्पतिजन्य आवरणाचे एवढे कौतुक होते ते बव्हंशी जळून जाते आणि नायट्रेटच्या विघटनातून नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड बाहेर पडतात. याला हरित म्हणताना निदान विजेचा आणि धुराचा हिशेब तरी मांडावा.

जीवाणूनाशक गुणाचा पुरावा म्हणून बहुधा जीवाणू वाढवलेल्या अगारच्या (जेलीसारख्या माध्यमाच्या) बशीत, नमुना लावलेल्या चकतीभोवतीचे जीवाणूविरहित स्वच्छ वर्तुळ दाखवले जाते. झिंक ऑक्साइडचे कण पाण्यात फारसे विरघळत नाहीत आणि अगारमधून सहजी पसरतही नाहीत. त्यामुळे ते वर्तुळ कणांमुळे उमटले, त्यातून सुटलेल्या जस्ताच्या आयनांमुळे, की मागे उरलेल्या अर्कामुळे, हे केवळ त्याचा व्यास मोजून कळत नाही. त्यासाठी नुसता अर्क, तेवढेच जस्त असलेला क्षार आणि नेहमीच्या पद्धतीने बनवलेले झिंक ऑक्साइड यांची चाचणी सोबत घ्यावी लागते. अनेक अहवालांत नेमकी हीच तुलना गाळलेली असते.

झिंक ऑक्साइड जीवाणूंना मारक आहे, याबद्दल वाद नाही. प्रश्न आहे तो अर्कामुळे त्यात नेमकी कोणती भर पडली, हा. तेव्हा अशी बातमी छापताना भट्टीचे तापमान आणि जीवाणूंची वाढ रोखणारे किमान प्रमाण, हे दोन आकडे संशोधकांकडून मागून घ्यावेत, ही विनंती.

आपला,
रसायनशास्त्राचा एक शिक्षक