रानभाज्यांच्या टॅगांसाठी ग्रंथपाल बाईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

तुमचे आभार घरी येऊन मानले होते, पण तेवढ्याने माझं समाधान झालं नाही. रानभाज्यांच्या नोंदींना टॅग, म्हणजे शोधायला सोपं जावं म्हणून जोडलेले शब्द, कसे लावायचे हे तुम्ही ज्या रीतीने शिकवलंत, ती रीत आपलं लेखन नीट लावून ठेवू पाहणाऱ्या प्रत्येकाला कळावी, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

माझ्याकडे नोंदी पालघरपासून गोंदियापर्यंतच्या लोकांकडून येतात. एकच भाजी कुणी करटोली म्हणून कळवतं, कुणी कंटोली म्हणून, आणि विदर्भातून ती काटवल होऊन येते. टाकळ्याचा तिकडे तरोटा होतो. फोडशीला कुलू म्हणणारेही पुष्कळ. जो तो आपल्या नावाचा टॅग लावणार, आणि काटवल शोधणाऱ्याला करटोलीची कृती दिसणारच नाही. तुम्ही यादी शांतपणे वाचलीत आणि म्हणालात, "एक नाव मुख्य ठरव. बाकीच्यांपुढे 'पाहा' लिही." तरोटा : पाहा टाकळा. वाचनालयातल्या तालिकेच्या कार्डांवर तुम्ही वर्षानुवर्षं हेच लिहीत आलात. एकही नाव पुसायचं नाही, असंही बजावलंत. त्यासाठी मी तुमची विशेष ऋणी आहे. तरोटा म्हणणाऱ्या आजीबाईंना त्यांच्याच शब्दाने भाजी सापडली पाहिजे.

शेवळ, शेवळं, शेवळे हेही संगणकाला तीन वेगळे टॅग वाटतात. एकवचन की अनेकवचन ते एकदाच ठरवायचं आणि यादीतून निवडायचं, दर वेळी नव्याने टाइप करायचं नाही, हा तुमचा नियम आता नोंदी ठेवणारे आम्ही सगळेच पाळतो.

पण सगळ्यात मोठं देणं ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथनांचं. ग्रंथपाल होण्याआधी ते गणित शिकवत, आणि पुस्तकं विषयवार लावण्याची त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती १९३३ साली प्रसिद्ध झाली, हे मला तुमच्याकडूनच कळलं. कोणताही विषय व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश आणि काल या पाच अंगांनी उलगडता येतो, असं तुम्ही सांगितलंत. मग पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने पाच रकाने आखलेत आणि वर आपल्या भाषेत लिहिलंत : कोणती भाजी? कोणता भाग? काय करायचं? कुठे? कधी?

पहिली नोंद शेवळाची घेतली होती. भाजी शेवळ, भाग कोंब, ठिकाण ठाणे-पालघर, काळ मृगाच्या आगेमागे. 'काय करायचं' या रकान्याशी मात्र तुम्ही थांबलात. शेवळ खाजरं, म्हणून त्यात काकडं, म्हणजे काकड झाडाची आंबट फळं, घालतात, हे मी सांगितल्यावर तुम्ही तिथे 'खाज घालवणे' असा टॅग लिहिलात. खाजऱ्या अळूची नोंदही त्याच टॅगखाली आली. नुसत्या भाजीच्या नावाने हे नातं कधीच दिसलं नसतं! आता कुणी 'कोंब' आणि 'मृग' एकत्र शोधलं, तर पावसाच्या तोंडावर कोणते कोंब खाता येतात ते एका जागी मिळतं. भारंगीचा पाला खातात तशी फुलंही, म्हणून तिला भागाचे दोन टॅग.

'पावसाळा' हा टॅग तुम्ही सरळ काढून टाकलात. जवळजवळ प्रत्येक नोंदीवर असलेला टॅग काहीच वेगळं काढत नाही, हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. त्याऐवजी नक्षत्रं आली, आणि खेड्यातली माणसं भाजीचा काळ सांगतात तोही बहुधा नक्षत्रांनीच.

"वाचकाचा वेळ वाचवा" हा रंगनाथनांच्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांपैकी चौथा नियम तुम्ही बोलता बोलता सांगितलात. नवी नोंद आली की आमच्यातली सगळ्यात लहान मुलगीसुद्धा आता विचारते, हे शोधणारा माणूस कोणता शब्द घेऊन येईल?

मुख्य नावं आणि 'पाहा' यांची पूर्ण यादी तयार झाली आहे. येत्या १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, तिची छापील प्रत घेऊन तुमच्याकडे येते. बांबूच्या कोंबांची 'वास्ते' ही नोंद मुख्य ठेवायची की 'पाहा'मध्ये, हे तेवढं तुम्ही ठरवून ठेवा.

आपली नम्र,
रानभाज्यांच्या नोंदी ठेवणारी तुमची एक वाचक