धुके, रंगमंच आणि दगडी जाळी : एक्स्पोजरविषयी मित्रास पत्र

लष्कर, ग्वाल्हेर
दि. ११ जानेवारी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबत पाठवलेली छायाचित्रे मिळाली. पुतण्याच्या मुंजीत बटूचे पांढरेशुभ्र उपरणे राखाडी आले आहे आणि देवळातल्या कीर्तनाच्या चित्रात बुवांचा चेहरा इतका पांढरा पडला आहे की कपाळावरचे गंधही दिसत नाही, अशी तुझी तक्रार आहे. त्यावरून नवा कॅमेरा सदोष निघाला असावा, असा निष्कर्ष तू काढलास. मला तसे वाटत नाही. दोन्ही चित्रांत कॅमेऱ्याने त्याला नेमून दिलेले काम चोख केले आहे. ते काम तुला हवे होते ते नव्हते, इतकेच. कीर्तनाची रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची मूळ, प्रक्रिया न केलेली नोंद, ठेवली असशील तर ती पाठव. कॅमेऱ्याने तयार करून दिलेल्या जेपेग चित्रातून पुसले गेलेले गंध परत येणार नाही, पण रॉमध्ये थोडी माहिती उरलेली असण्याची शक्यता असते.

कॅमेऱ्यातला मीटर वस्तूवर किती प्रकाश पडतो हे मोजत नाही. वस्तूवरून परावर्तित होऊन भिंगातून किती प्रकाश आत येतो, तेवढेच त्याला कळते. समोर भर उन्हातला कोळसा आहे की सावलीतला चुना, हे त्याला सांगता येत नाही. म्हणून समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे, असे एक गृहीतक त्याला मुळातच घालून दिलेले असते. छायाचित्रकार बाळगतात ते करडे कार्ड अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी १८ टक्के परत पाठवते. मीटरची भूक साधारण तेवढीच असते, असे समज. दृश्य पांढरे असले तरी तो त्याला करड्यापर्यंत खाली आणतो आणि काळे असले तर करड्यापर्यंत वर उचलतो. निकॉनने १९८३ साली एफए या कॅमेऱ्यात दृश्याचे पाच भाग पाडून प्रत्येकाचा स्वतंत्र विचार करण्याची पद्धत आणली आणि आताचे कॅमेरे तर चेहरा ओळखून त्यानुसार मोजमाप करतात. त्यामुळे चुका पुष्कळ कमी झाल्या, पण मूळ गृहीतक सुटलेले नाही.

सध्या आमच्याकडे त्याचा पुरावा रोज सकाळी पाहायला मिळतो. पौषातले धुके असे दाटते की बाड्यावर, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, उभे राहून समोरच्या इमारतींचे केवळ आकार दिसतात आणि किल्ला तर दिसतच नाही. ते धुके डोळ्यांना उजळ, दुधाळ दिसते. कॅमेऱ्याच्या स्वयंचलित मोजणीवर विसंबून घेतलेल्या चित्रात मात्र पावसाळी संध्याकाळ असल्यासारखे मळभ येते. तेथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनची, म्हणजे मीटरने ठरवलेले एक्स्पोजर (चित्राला मिळणारा प्रकाश) वाढवण्या-घटवण्याची चकती अधिक १ (म्हणजे दुप्पट; या एका पायरीला स्टॉप म्हणतात) किंवा अधिक १⅓ वर नेली की धुके पुन्हा धुक्यासारखे होते आणि चहाच्या टपरीवर शाल गुंडाळून उभी असलेली माणसे त्यातून काळसर, पण ओळखू येतील अशी उमटतात. पांढऱ्याला वाढवायचे आणि काळ्याला घटवायचे, हा नियम प्रथम उलटा वाटतो, कारण पांढऱ्या वस्तूला आणखी प्रकाश कशाला, असे मन म्हणते. परंतु पांढऱ्याला मीटरने आधीच खाली खेचलेले असते. आपण त्याला त्याच्या जागी परत नेतो, एवढेच. तुझ्या बटूच्या उपरण्यालाही अधिक १ पुरले असते. उलट, भर उन्हात आमच्या किल्ल्यावरच्या मानमंदिर महालाची दगडी भिंत पाहिलीस तर तेथे काहीच करावे लागत नाही, कारण तो वालुकाश्म स्वभावतःच मध्यम छटेचा आहे. अशा उन्हासाठी तर मीटरशिवायही जुना नियम पुरतो : भिंगाचे छिद्र एफ/१६ ठेवावे आणि शटरचा वेग आयएसओच्या आकड्याएवढा, म्हणजे आयएसओ १०० ला साधारण १/१०० सेकंद.

अॅपर्चर, शटर आणि आयएसओ यांचा त्रिकोण तू वाचला असशीलच, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. एफ/२.८, ४, ५.६, ८, ११ असे एकेक पाऊल पुढे गेलास की प्रकाश दर वेळी निम्मा होतो आणि त्याची भरपाई शटरचा काळ दुप्पट करून होते, इतके लक्षात असले की हिशेब जमतो. मात्र तिन्ही बाजू सारख्या असलेल्या त्या त्रिकोणाच्या आकृतीने मोठा गैरसमज पसरवला आहे, असे माझे मत आहे. सेन्सरवर प्रकाश पोहोचतो तो केवळ भिंगाच्या छिद्राने आणि शटरच्या वेळेने. आयएसओ वाढवल्याने प्रकाशाचा एक कणही अधिक आत येत नाही. जो आला त्याचा संकेत किती उजळवून मांडायचा, एवढेच त्याने ठरते. त्यामुळे चित्रात जो रवाळपणा येतो त्याचा दोष आयएसओला देणे हा बहुतांशी अन्याय आहे. प्रकाशच कमी मिळाला, हे त्याचे खरे कारण असते. प्रकाश चौपट मिळाला तर संकेत आणि नॉईज (तोच रवाळपणा) यांचे गुणोत्तर दुप्पट सुधारते, हे भौतिकशास्त्र कोणत्याही कंपनीच्या कॅमेऱ्याला चुकवता येत नाही. म्हणून नॉईजच्या भीतीने आयएसओ कमी ठेवून काळवंडलेले चित्र घ्यायचे आणि नंतर संगणकावर उजळवायचे, यात काही कमाई नाही.

तुझ्या कीर्तनकारबुवांचा प्रश्न आमच्याकडे डिसेंबरात तानसेन संगीत समारोहाच्या रंगमंचावर रात्रभर भेटतो. गायक प्रकाशात, मागे आणि भोवती अंधार, आणि चौकटीतला बहुतेक भाग त्या अंधाराने व्यापलेला. मीटर अंधाराला करडे करायला निघतो आणि त्या नादात गायकाचा चेहरा जळून जातो. येथे दोन मार्ग आहेत. उणे १ ते उणे २ असे कॉम्पेन्सेशन द्यावे, किंवा स्पॉट मीटरिंग लावून केवळ चेहऱ्यावरचे माप घ्यावे. आपल्याकडचा गहूवर्णी चेहरा मध्यम करड्याच्या आसपासच असतो, त्यामुळे ते माप पुष्कळदा जसेच्या तसे चालते; वर्ण उजळ असेल तर थोडे वाढवावे, काळासावळा असेल तर थोडे घटवावे. चेहऱ्यापर्यंत पोहोचता येत नसेल आणि तू त्याच प्रकाशात उभा असशील, तर स्वतःचा तळहात मोजून अधिक १ धरावे.

एकदा हे माप मिळाले की मी मॅन्युअलवर (चकतीवरचे ‘एम’, म्हणजे सगळे हाताने ठरवणे) जातो, कारण दिवे बदलत नाहीत तोवर गायक पुढे वाकला, मागचा पडदा चौकटीत अधिक आला किंवा तानपुऱ्यावरचा चकाकता भाग मध्ये आला, तरी एक्स्पोजर बदलण्याचे कारण नसते. मॅन्युअलचा खरा उपयोग एवढाच : प्रकाश स्थिर आणि चौकट बदलती. प्रकाशच बदलता असेल, उदाहरणार्थ ढगाळ दुपारी बाजारात फिरताना, तर अॅपर्चर प्रायोरिटी (छिद्र आपण ठरवायचे, शटर कॅमेऱ्याने) आणि कॉम्पेन्सेशनची चकती हीच जोडी शहाणपणाची आहे. ‘मी फक्त एमवरच काढतो’ असे अभिमानाने सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांतले बरेचसे मीटरची सुई मध्यावर येईपर्यंत चकत्या फिरवत बसतात, म्हणजे यंत्र जे क्षणात करते तेच हाताने सावकाश करतात.

रंगमंचाच्या आणखी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत, कारण तुमच्या देवळातही आता एलईडीचे रंगीत दिवे आलेले दिसतात. पहिली म्हणजे लाल किंवा निळ्या दिव्याखाली एकत्रित हिस्टोग्राम (चित्रातल्या छटांचा आलेख, डावीकडे काळे, उजवीकडे पांढरे) निर्धोक दिसतो, आणि तरीही त्यातला एकटा लाल किंवा निळा भाग काठाबाहेर गेलेला असतो. मग चेहऱ्यावर पोत नसलेला सपाट लाल डाग तेवढा उरतो. म्हणून लाल, हिरवा आणि निळा या तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम वेगवेगळा पाहावा. दुसरी गोष्ट शटरची. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने तिच्यावर चालणारे बरेच साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि वेगवान शटरला चित्रावर आडवे पट्टे येतात. १/१०० किंवा १/५० ला ते बहुधा नाहीसे होतात. यात एक पेच आहे. आलाप चालू असताना शटरचा खटका ऐकू येणे हा गायकाचा आणि श्रोत्यांचा अपमान आहे, असे मी मानतो, आणि म्हणून निःशब्द इलेक्ट्रॉनिक शटर वापरावेसे वाटते. पण ते सेन्सर ओळीओळीने वाचत असल्यामुळे पट्टे तेथेच अधिक येतात. माझा उपाय असा की आलापात इलेक्ट्रॉनिक शटर, १/१०० आणि गायकाचा हात स्थिर असण्याची वाट पाहणे; आणि द्रुत सुरू होऊन तबला चढला की यांत्रिक शटर, १/२५०, एफ/२.८, आयएसओ ३२०० किंवा लागेल तेवढे.

आतापर्यंतच्या दृश्यांत निदान एक योग्य उत्तर तरी होते. समारोहाच्या त्याच आवारात, तानसेनाच्या समाधीला लागून, सूफी संत मोहम्मद घौस यांचा १६ व्या शतकातला मकबरा आहे. त्याच्या चारी बाजूंना दगडी जाळ्या आहेत, आणि आत उभा राहून त्यांतून बाहेर पाहिलेस की एक्स्पोजरचे खरे संकट समोर येते. बाहेर ऊन, आत अंधार आणि मध्ये नक्षी. हे सारे एका चित्रात सामावणे पुष्कळदा शक्य नसते, तेव्हा काय राखायचे आणि काय सोडायचे हे आपल्यालाच ठरवावे लागते. माझ्या मते एक्स्पोजरवर ताबा मिळवणे म्हणजे हे ठरवणे होय. बाकी सगळी चकत्यांची ओळख आहे.

अॅन्सल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन छायाचित्रकारांनी १९४० च्या सुमारास मांडलेली झोन पद्धत याच विचारावर उभी आहे. शुद्ध काळ्यापासून शुद्ध पांढऱ्यापर्यंत छटांच्या पायऱ्या पाडायच्या, पाचवी पायरी म्हणजे मध्यम करडा, आणि दृश्यातली कोणती वस्तू कोणत्या पायरीवर बसवायची हे खटका दाबण्यापूर्वीच ठरवायचे. त्या काळी निगेटिव्हसाठी सावल्या पाहून एक्स्पोजर द्यावे असे सांगत, कारण निगेटिव्हमध्ये उजळ भाग सहसा हळूहळू दाटत जात. डिजिटलमध्ये हे उलटे झाले आहे. सेन्सरवरचा प्रत्येक बिंदू म्हणजे एक भांडे. ते काठोकाठ भरले की वरचे सगळे वाहून जाते आणि किती वाहिले याची नोंदही राहत नाही. सावलीत मात्र थोडे का होईना, काहीतरी सापडते. म्हणून आधी उजळ भाग सांभाळावा. जाळीतून दिसणाऱ्या उन्हातल्या ज्या दगडावर पोत दिसलाच पाहिजे असे तुला वाटते, त्यावर स्पॉट माप घेऊन अधिक २ पर्यंत जावे. तो उजळ राहील आणि फुटणारही नाही, म्हणजे कोरा पांढरा होणार नाही. फुटलेले भाग लुकलुकून दाखवण्याची सोय कॅमेऱ्यात सुरू ठेव. फक्त एवढे ध्यानात असू दे की रॉमध्ये काढत असलास तरी ती सूचना आणि हिस्टोग्राम बहुधा जेपेगवरूनच तयार होतात, म्हणून रॉमध्ये त्याहून थोडी अधिक जागा शिल्लक असते.

उजळ भाग फुटू न देता एक्स्पोजर हिस्टोग्रामवर शक्य तितके उजवीकडे न्यावे, असा एक सल्ला प्रसिद्ध आहे. त्याचे कारण म्हणून १४ बिटांच्या फाइलमधल्या १६,३८४ पायऱ्यांपैकी निम्म्या सर्वांत वरच्या एका स्टॉपमध्ये असतात, असे सांगितले जाते. हा हिशेब बरोबर आहे, पण लाभ त्यातून येत नाही. अधिक प्रकाश गोळा झाल्याने सावल्या स्वच्छ होतात, हा खरा लाभ. मकबऱ्यात ट्रायपॉडवर, आयएसओ १०० ला हा सल्ला मी पाळतो. रंगमंचावर पाळत नाही. तेथे उजवीकडे सरकण्यासाठी शटर मंद करावे लागते आणि गायकाचा हात पुसट होतो.

उणे २, शून्य आणि अधिक २ अशी तीन चित्रे घेऊन ती एकत्र करण्याचा मार्ग आहेच आणि घराच्या विक्रीसाठी खोल्यांची छायाचित्रे काढणाऱ्यांना तो सोयीचा आहे. जाळीसाठी मला तो रुचत नाही. आतला दगड आणि बाहेरचे आवार दोन्ही सारखेच स्पष्ट दिसू लागले की ज्या अंधारासाठी ती जाळी कोरली तो अंधारच नाहीसा होतो. आणि आकाश पांढरे गेले तर एवढे काय बिघडले? लाला दीनदयाळ यांनी १८८० च्या दशकात आमच्या किल्ल्याची छायाचित्रे घेतली. त्या काळच्या छायाचित्रणाच्या काचेच्या प्लेटा निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील असल्याने निळे आकाश त्यांत कोरे यायचे, पण दगडाचा प्रत्येक कंगोरा टिकायचा. ती चित्रे पाहताना आकाश आठवत नाही.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. मागच्या पडद्यावर चित्र किती उजळ दिसते यावरून एक्स्पोजर ठरवू नकोस. रात्री तो पडदा फसवा उजळ दिसतो आणि दुपारी फसवा काळा. हिस्टोग्राम पाहा, पण त्याचा मध्ये उंच डोंगर व्हावा अशी अपेक्षा धरू नकोस. धुक्याचा हिस्टोग्राम उजवीकडेच गोळा व्हायला हवा आणि रंगमंचाचा डावीकडे.

पुढच्या समारोहाला येणार असशील तर कॅमेऱ्यासोबत आलेले भिंग घरी राहू दे. ते झूम केल्यावर एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही आणि रात्री तेथे निभाव लागणार नाही. ५० मिलिमीटरचे एफ/१.८ भिंग स्वस्त असते, तेवढे घेऊन ये. लांबचे माझ्याकडे आहे. राहण्याची व्यवस्था आमच्याकडेच करायची, हे वेगळे सांगायला नको. थंडी मात्र कडाक्याची असते, स्वेटर विसरू नकोस.

ती. काकूंना शिरसाष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार आणि बटूला अनेक आशीर्वाद. पत्रोत्तराची वाट पाहतो.

तुझा स्नेहांकित