आवाहन: थरथरत्या हातांसाठी संगणक कक्षात ट्रॅकबॉल हवे आहेत

सर्व सभासद बंधू-भगिनींना सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबर तोंडावर आला. हयातीच्या दाखल्याची गर्दी आपल्या कक्षाला नवीन नाही. २०१४ साली ‘जीवन प्रमाण’, म्हणजे संगणकावरून द्यायचा हयातीचा दाखला, सुरू झाले आणि हळूहळू आपल्या नाशिकच्या नोटांच्या प्रेसचे, ओझरच्या एचएएल विमान कारखान्याचे निवृत्त लोक बँकेच्या रांगेऐवजी आपल्याकडे येऊ लागले. पण नेहमीच्या काही मंडळींनी अलीकडे येणे बंद केले आहे. घरी जाऊन विचारले तेव्हा कळले, की हात थरथरतो, पडद्यावरचा बाण एका जागी ठरत नाही, मागे उभे असलेले बघत राहतात, म्हणून नको वाटते. एकाने पेन्शनच्या खात्याचा पासवर्ड नातवाला देऊन टाकला. दुसऱ्यांनी तो सायबर कॅफेवाल्या पोराच्या वहीत लिहून ठेवला आहे! आयुष्यभर स्वतःचे हिशेब स्वतः ठेवलेली ही माणसे आहेत. म्हणून ट्रॅकबॉलसाठी, म्हणजे वरचा गोळा बोटांनी फिरवायच्या माऊससाठी, हे आवाहन.

आधी ज्यांचे ऋण आहे त्यांच्याविषयी. हा कक्ष उभा राहिला तो आपल्या माजी खजिनदारांमुळे. प्रेसमध्ये नोटा मोजण्यात हयात गेलेल्या या गृहस्थांनी कक्षाचा पै-पैचा हिशेब ठेवला आणि पंखा बिघडला तर स्वतः स्टुलावर चढले. पहिले दोन संगणक कॉलेज रोडच्या एका भगिनींनी पतीच्या स्मरणार्थ दिले आणि नावाची पाटी लावू दिली नाही. आणि एचएएलमधले आपले टर्नरकाका! विमानाच्या भागांवर हात बसलेल्या या माणसाने ॲक्रिलिकचा पत्रा घेतला, त्यात कीबोर्डच्या प्रत्येक बटणासाठी नेमके भोक पाडले आणि तो पत्रा वर बसवून दिला. आता थरथरता हात पत्र्यावर टेकवता येतो आणि बोट घातले की तेवढेच बटण दाबले जाते. टेबलाच्या कडेला कोपरासाठी गादी लावलेली फळीही त्यांचीच. त्या फळीने जे काम केले ते महागड्या वस्तूने झाले नसते. कारण हात अधांतरी असला की थरथर वाढते. कोपर आणि हाताचा पुढचा भाग टेकलेला असला, मनगट सरळ राहिले आणि माऊस मनगटाऐवजी कोपरातून हलवला, की निम्मा त्रास कमी वाटतो.

पैसे न लागणारे सगळे आम्ही करून झालो आहोत. बाणाचा वेग कमी केला, त्यामुळे हाताची थरथर पडद्यावर कमी दिसते. बाण मोठा केला. डबल-क्लिकचा वेळ वाढवला, काही यंत्रांवर तर एकाच क्लिकने फाइल उघडेल असे केले. बटण दाबून धरणे ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी ‘क्लिकलॉक’ चालू केले. बटण क्षणभर दाबले की ते दाबलेलेच राहते, हवी ती गोष्ट ओढून नेली की पुन्हा क्लिक करून सोडायचे. विंडोजच्या संगणकावर डावीकडचे ऑल्ट, डावीकडचे शिफ्ट आणि नम लॉक एकदम दाबले की ‘माऊस कीज’ सुरू होते, मग आकड्यांच्या बटणांनी बाण चालतो आणि ५ म्हणजे क्लिक. कूर्मगतीने चालते, पण ठाम चालते. घरी ज्यांचे हात थरथरतात त्यांनी हे जरूर करून पाहावे, त्याला आमची गरज नाही.

पण यालाही मर्यादा आहे. वेग कमी केला की पडद्याच्या या टोकापासून त्या टोकाला जायला माऊस तीनदा उचलून ठेवावा लागतो, आणि कमजोर मनगटाला तेच जड जाते. तेवढ्यात बँकेचे पान मुदत संपली म्हणून बाहेर फेकते. ट्रॅकबॉल जागचा हलत नाही, फक्त वरचा गोळा बोटांनी फिरवायचा; हात खाली टेकलेला राहतो. ज्यांचे मनगट दुखते पण हात स्थिर आहे त्यांना उभा माऊस बरा पडतो, कारण त्यात हात हस्तांदोलनासारखा उभा राहतो आणि पुढच्या हाताला पीळ पडत नाही. शिवाय एका संगणकाला दोन माऊस जोडता येतात: उजव्या हाताने ट्रॅकबॉल फिरवायचा, क्लिक डाव्या हातातल्या साध्या माऊसवर. क्लिक करताना बाण घसरतो ही मोठी तक्रार त्याने मिटते.

सगळ्यांची थरथर सारखी नसते, हेही सांगून ठेवतो. कंपवातात हात बहुधा स्वस्थ असताना थरथरतो. दुसऱ्या एका प्रकारात काही करायला गेले की थरथरतो आणि माऊसवर जास्त अडते ते या लोकांचे. औषध डॉक्टरांनीच ठरवावे, आपण खुर्ची-टेबलाचे बघू. थंडीत बोटे आखडतात, त्यामुळे घाई आहे.

आता थोडे मनातले. दिवाळीआधी हीच विनंती ग्रुपवर टाकली होती. अंगठे भरपूर आले, हात जोडलेली चित्रे आली, पैसे मोजक्याच घरांतून आले. एकांनी लिहिले, ‘आता सगळे मोबाइलवर होते, माऊस कशाला?’ थरथरत्या बोटाने काचेवर एक अक्षर दाबून पाहावे, तीन उमटतात. सिंहस्थाच्या निमित्ताने शहरात सगळीकडे कामे निघाली आहेत, आपल्याला त्यातले काही नको. ज्या गावाने १८४० पासून सार्वजनिक वाचनालय जपले, त्याला वर्गणी म्हणजे काय हे चिटणिसाने समजावण्याची वेळ येऊ नये.

हवे ते असे: ट्रॅकबॉल ४, उभे माऊस २, हात असलेल्या खुर्च्या ४. एकूण अंदाज ३५,००० रु., जमा ११,००० रु. रोख किंवा धनादेश कार्यालयात, सायं. ५ ते ७, रविवार बंद. पावती जागेवर मिळेल, करसवलत नाही. वस्तू दिल्यास यूएसबीचीच द्यावी. खाली गोळा असलेले, गोल पिनांचे जुने माऊस कृपया आणू नयेत, मागच्या वेळी सगळ्यांचे माळे रिकामे झाले आणि आमचे कपाट भरले. सेटिंग करून द्यायला शनिवारी दोन तास येणारे दोन तरुणही हवे आहेत. नाव कार्यालयातल्या वहीत लिहावे. खरेदी ३१ ऑक्टोबरपर्यंत व्हायला हवी. ज्यांना त्रास आहे त्यांनी तोवर थांबू नये, फळी आणि पत्रा आजही आहे. मागे कोणी उभे राहणार नाही अशी कोपऱ्यातली जागा राखून ठेवली आहे.

आपला,
चिटणीस
(कार्यकारिणीच्या वतीने)