सापळा नेमका कोणत्या माशीचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘फळमाशीचे सापळे कुचकामी’ असे म्हणणारे एका शेतकऱ्याचे पत्र आपल्या अंकात वाचले. त्यांच्या मांडवावर आहेत कारली-दोडकी आणि दुकानदाराने त्यांच्या गळ्यात मारला आंब्याचा सापळा! माशी येईल कशी?

देवगडात आमच्या आंब्याच्या कलमांना छळते ती बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस जातीची माशी. तिचे नर आंब्याच्या सापळ्यातल्या मिथाइल युजेनॉल या आमिषाच्या (ल्यूरच्या) वासावर तुटून पडतात. वेलभाज्यांवरची झ्युगोडॅकस कुकुर्बिटी निराळी. तिचे नर या वासाकडे ढुंकूनही बघत नाहीत, त्यांना क्यू-ल्यूर हे वेगळे आमिषच लागते. दोघी ओळखायला प्रयोगशाळा नको, साधे भिंग पुरते. पाठीवरच्या पिवळ्या रेषा मोजाव्यात. आंब्याच्या माशीला कडेने दोनच, वेलावरचीला मधली धरून तीन. शिवाय दुसरीच्या पंखावर काळपट आडवा पट्टा असतो.

आणखी एक. दोन्ही सापळ्यांत येतात ते नर. फळात अंडी घालणारी मादी बाहेरच राहते. गळलेली, किडकी फळे गोळा करून खोल पुरली नाहीत, तर अळ्या मातीत उतरून कोष करणारच. हे काम कंटाळवाणे आहे, म्हणून कोणी सांगत नाही.

माश्यांचे वर्गीकरण म्हणजे रिकामटेकड्या विद्वानांचा उद्योग, असे आमच्याकडे बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. 2003 मध्ये केनियात एक फळमाशी सापडली. 2005 मध्ये तिला बॅक्ट्रोसेरा इन्व्हॅडेन्स असे नाव देऊन नवी जाती ठरवले. शरीररचना, जनुके, आपसातला संकर हे सगळे तपासल्यावर 2015 मध्ये निष्कर्ष निघाला, की ती आपली डॉर्सालिसच! कुठल्या देशात कोणती माशी आहे यावर फळांची निर्यात अडते किंवा सुटते, तेव्हा हा नुसता नावांचा घोळ नव्हे. मालात फळमाश्यांसारख्या किडी सापडल्या म्हणून 2014 च्या मे महिन्यात युरोपीय संघाने भारतीय आंबा अडवला होता, ते आम्ही अजून विसरलेलो नाही.

माझी मागणी साधी आहे. ल्यूरच्या पाकिटावर माशीचे आणि पिकाचे नाव मराठीत, ठळक छापणे सक्तीचे करावे. तालुक्याच्या कृषी कार्यालयात या माश्यांचा एक रंगीत तक्ता लावावा आणि शेतकऱ्याने आणलेली मेलेली माशी पाहून सांगणारा एक माणूस तिथे असावा.

– एक आंबा बागायतदार, देवगड

ता. क. त्या पत्राशेजारी आपण छापलेले छायाचित्र पिकल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या लाल डोळ्यांच्या ड्रोसोफिलाचे होते. तिचे कूळच वेगळे. झाडावरच्या धड आंब्याला तिचा उपद्रव नाही.