बछड्यांचा फोटो छापा, पण गेटचं नाव नको

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पहिल्या पानावर वाघीण आणि तिच्या चार बछड्यांचा रंगीत फोटो आला. फोटो सुंदरच होता. एक बछडा आईच्या शेपटीला झोंबत होता, दुसऱ्याचं तोंड चिखलाने बरबटलेलं होतं. खाली तुम्ही छापलं होतं की बफर (मुख्य जंगलाभोवतीचा पट्टा) कोणतं, गेट कोणतं, पाणवठा कोणता आणि सकाळी किती वाजता. वाघिणीचं लाडकं नावही होतं. एवढा सविस्तर पत्ता लग्नपत्रिकेतसुद्धा नसतो.

सोमवारी पहाटे एक साहेब त्या पेपरची घडी हातात घेऊनच जिप्सीत चढले. म्हणाले, "मॅडम, बाकी काही नाही दाखवलं तरी चालेल. हे चार दाखवा." मागच्या गाडीतही तोच पेपर. ज्यांच्याकडे पेपर नव्हता त्यांनी मोबाईल जमा करण्याआधी त्यातला फोटो दाखवून घेतला. त्या दिवशी गेटमधून आत गेलेली प्रत्येक गाडी त्या एकाच पाणवठ्याकडे वळली.

मी ताडोबाच्या बफरमधल्या एका गेटवर गाईड आहे. लग्न होऊन या गावात आले तेव्हा सासूबरोबर मोहफुलं वेचायला आणि तेंदूपत्ता तोडायला जंगलात जायची. पुढे वन विभागाने आम्हा बायकांनाही गाईडचं प्रशिक्षण दिलं. माझ्या मुलांची फी पर्यटकांच्या येण्यावरच भरली जाते, हे आधीच सांगून टाकते. "पर्यटन बंद करा" म्हणणाऱ्यांत मला धरू नका, त्यांचं पोट दुसरीकडे भरतं. मला बोलायचं आहे ते लहान बछड्यांबद्दल आणि तुमच्या पेपरबद्दल.

लहान म्हणजे किती, ते सांगते. वाघीण साधारण साडेतीन महिन्यांत विते. पिल्लं जन्मतात तेव्हा डोळे मिटलेले असतात, वजन किलो-सव्वा किलो. पहिले दोनेक महिने ती त्यांना बांबूच्या बेटात, नाल्याच्या कपारीत नाहीतर घाणेरीच्या जाळीत दडवून ठेवते. धोका वाटला की एकेकाला तोंडात धरून जागा बदलते. मग मारलेल्या शिकारीपर्यंत ती त्यांना चालवत नेऊ लागते, आणि इथून पुढे ती रस्त्यावर दिसायला लागतात. तुमच्या फोटोतली चौघं याच वयाची आहेत. आईजवळ ती दीड-दोन वर्षं राहतात आणि तेवढ्यात जवळजवळ निम्मी जातात. कधी उपासमार, कधी आजार, कधी नवा नर. नवा नर दुसऱ्याची पिल्लं मारतो, कारण पिल्लं असेपर्यंत वाघीण माजावर येत नाही. आमच्या माया वाघिणीचे फोटो साऱ्या जगाने पाहिले, पण तिनेही अनेक पिल्लं गमावली. नोव्हेंबर २०१८ मध्ये जुनोन्याजवळ चंद्रपूर-गोंदिया मार्गावर तीन बछडे रेल्वेखाली आले, तेही आईच्या मागे चालायच्या वयातलेच होते.

आता गाड्यांचं सांगते, कारण पेपरात फक्त वाघीण दिसते, फोटो काढणाऱ्याच्या मागे काय आहे ते दिसत नाही. वाघीण पिल्लं घेऊन रस्ता ओलांडते तेव्हा आधी स्वतः पलीकडे जाते, वास घेते, मग हळू आवाजात बोलावते. दोन पिल्लं पटकन जातात. तिसरं जरा थांबून जातं. चौथं नेहमी घाबरट असतं, ते गवतातून तोंड काढतं आणि आत ओढून घेतं. नेमकं तेव्हा मागच्या गाडीला वाटतं की आपल्याला काहीच दिसलं नाही. ती गाडी पुढे घुसते, तिच्यामागे आणखी दोन. चौथं पिल्लू उलटं फिरून बांबूत शिरतं. मग आई परत येते, गाड्यांच्या मधून, कान मागे पाडून. लोकांना वाटतं, वाह, काय जवळून सायटिंग झालं! तिची मात्र त्या सकाळची शिकार हुकलेली असते. दूध पाजणाऱ्या वाघिणीला रोजच्यापेक्षा जास्त खावं लागतं, ते हुकलं की दूध कमी पडतं.

अंतराचे नियम आहेत. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या सूचनांप्रमाणे प्राण्यापासून किमान २० मीटर लांब राहायचं आणि प्राणी पाहताना दोन गाड्यांमध्ये ५० मीटर अंतर ठेवायचं. एका वळणावर आठ गाड्या आल्या आणि हा नियम खरोखर पाळायचा म्हटलं, तर शेवटची गाडी पुढच्या बीटात, म्हणजे दुसऱ्या वनरक्षकाच्या हद्दीत, उभी करावी लागेल.

३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावकडे काय झालं ते तुम्हीच छापलं होतं. एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे दोन्हीकडून आलेल्या सफारीच्या गाड्यांमध्ये कोंडले गेले. व्हिडिओ फिरला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, गाईड आणि चालक निलंबित झाले. ती कारवाई बरोबरच होती. आमच्यातले काहीजण बक्षिसीसाठी गाडी आत घालतात, ते माझ्या माहितीतले आहेत आणि त्यांना मी तोंडावर बोलते. पण मागच्या सीटवरून "भाऊ, थोडी पुढे घ्या ना, एवढ्या लांबून आलोय" म्हणणाऱ्यांचं नाव कुठे आलं नाही. आणि पाच बछड्यांची वाघीण तिथे फिरते हे नवीन वर्षाच्या गर्दीला कसं कळलं, तेही कुणी विचारलं नाही. त्या प्रकरणात कुणी काय आधी छापलं होतं ते मी सांगू शकत नाही. आमच्या गेटवर मात्र मी दर वेळी पाहते. आधी फोटो येतो, मग बुकिंगला झुंबड उडते, मग तो रस्ता गाड्यांनी भरतो.

काहीजण म्हणतात, वाघिणीला सवय असते, ती गाड्यांकडे बघतही नाही. मायाही बघत नसे, गाडीच्या शेजारून शांत निघून जायची. त्याच मायाने २० नोव्हेंबर २०२१ ला वाघांच्या गणनेसाठी पायी गेलेल्या वनरक्षक स्वाती ढुमणे यांचा जीव घेतला. वाघिणीने आपल्याकडे पाहिलं नाही म्हणजे तिला चाललं, असं जे समजतात त्यांनी हे लक्षात ठेवावं. त्या दिवशी आमच्या गावात कुणी जेवलं नाही.

दिवाळीनंतर मुंबईला बहिणीकडे गेलो तेव्हा मुलांना भायखळ्याच्या राणीबागेत नेलं होतं. खरं सांगायचं तर पिंजऱ्यातला वाघ मला बघवत नाही, मी बाहेरच्या झाडांच्या पाट्या वाचत बसले. पण एक गोष्ट मला पटली. तिथल्या शक्ती आणि करिश्मा या जोडीला १४ नोव्हेंबर २०२१ ला मादी बछडा झाला, तिचं नाव वीरा. लोकांना हे कळलं ते पुढच्या वर्षी जानेवारीत, ती दोन महिन्यांची झाल्यावर. तोवर आई आणि पिल्लू लोकांच्या नजरेबाहेर होते. त्याच बागेत २०१८ च्या १५ ऑगस्टला पेंग्विनचं पिल्लू जन्मलं होतं, भारतात जन्मलेलं पहिलं. देशभर बातमी झाली आणि आठवड्याभरात ते गेलं. अंड्यातला बलक अंगात नीट जिरला नव्हता, यकृतही काम करत नव्हतं. त्याला बघ्यांचा दोष नव्हता. पण नवं पिल्लू किती कच्चं असतं ते त्यावरून कळतं, आणि थोडं थांबून मग बातमी देण्यात कुणाचं काही बिघडत नाही हे वीराने दाखवलं. थायलंडमधल्या मू डेंग नावाच्या बुटक्या पाणघोड्याच्या पिल्लाचे व्हिडिओ आमच्या गावातल्या पोरांनीही पाहिले. तिला झोपेतून उठवायला लोक वस्तू फेकू लागले, तेव्हा तिथल्या प्राणीसंग्रहालयाने शनिवार-रविवारी एका माणसाला पाचच मिनिटं बघायची मुभा ठेवली.

प्राणीसंग्रहालयाला दार आहे, ते बंद करता येतं. बफरमधल्या नाल्याला कसलं दार? तिथे आम्ही गाईड गप्प राहिलो तर थोडा आडोसा होतो, एवढंच. आणि आम्ही गप्प राहिलो तरी रविवारी तुम्ही सांगून टाकता.

मुलांना पिल्लं पाहायची असतात, त्यात चूक काही नाही. माझ्या जिप्सीत बसलेलं चार वर्षांचं पोर वाघापेक्षा वानराच्या पिल्लावर जास्त खूश होतं, हे मी कितीदा पाहिलंय. वानराचं नवं पिल्लू काळंभोर असतं, आणि कळपातल्या साऱ्या माद्या ते एकमेकींकडून मागून घेतात. कुणी त्याची शेपटी ओढते, कुणी डोकं चाटते, आई थोडा वेळ बघते आणि मग हिसकावून घेते. रानगव्याचं वासरू जन्मतं तेव्हा सोनेरी तांबूस असतं, आईबापाच्या काळ्या अंगाशेजारी ते वेगळ्याच जातीचं वाटतं. रानडुकराच्या पिल्लांच्या पाठीवर पट्टे असतात आणि ती आईमागे एका रांगेत पळतात. चितळाचं पाडस मात्र गवतात निपचित पडून राहतं, त्याच्यापासून हातभर अंतरावरून गाडी गेली तरी हलत नाही. आणि अस्वल! मोहाच्या दिवसांत भल्या सकाळी अस्वलीण रस्त्यावर येते तेव्हा तिच्या पाठीवर दोन पिल्लं केस धरून बसलेली असतात. ती धावली तरी पडत नाहीत. रानकुत्र्यांचा कळप शिकार खाऊन परततो आणि बिळाजवळच्या पिल्लांपुढे ते मांस ओकतो. शहरातल्या बायका "ई" करतात, मग पुढची दहा मिनिटं नजर हलवत नाहीत.

टिटवी तर रस्त्याच्या कडेला उघड्यावरच अंडी घालते. आमचे चालक दादा एका वळणावर गाडी दोन हात बाजूने काढतात, काहून ते पर्यटकांना कळत नाही. मी सांगितलं की सगळे खाली वाकून शोधतात. अंडी खडीसारखीच दिसतात, चटकन सापडत नाहीत. यातल्या एकाही पिल्लासाठी गाड्यांची रांग लागत नाही, कारण यातलं एकही तुमच्या पहिल्या पानावर येत नाही. परत जाताना लोक मात्र यांचंच बोलतात, मी मागे वळून ऐकत असते.

तुमच्याच पेपरात मी जुन्नरच्या बातम्या वाचते. ऊसतोडीत बिबट्याची पिल्लं सापडतात. वन विभागाची आणि माणिकडोहच्या निवारा केंद्राची माणसं येतात, पिल्लं तपासतात आणि संध्याकाळी त्याच शेतात क्रेटमध्ये ठेवतात. गावकऱ्यांना लांब पाठवतात. रात्री आई येते, एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. झाडाला बांधलेला कॅमेरा आपोआप फोटो काढतो. दुसऱ्या दिवशी तो फोटो तुम्ही छापता, तेव्हा ती बिबटीण कुठल्या कुठे गेलेली असते. त्या फोटोत एकही माणूस हजर नव्हता आणि तरी तो मला तुमच्या रविवारच्या फोटोपेक्षा जास्त आवडला. आमच्याकडेही वन विभागाचे असे कॅमेरे जागोजागी लावलेले असतात. त्यांच्याकडे ते फोटो मागून तर पाहा.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. बछडे सहा महिन्यांचे होईपर्यंत फोटोखाली गेट, पाणवठा, रस्ता, वाघिणीचं नाव किंवा नंबर, यातलं काही नको. "चंद्रपूर जिल्हा" एवढं पुरे. फोटो त्याच आठवड्यात छापायचाच असा काही नियम नाही, महिन्याने छापला तरी तो तितकाच सुंदर असेल. हौशी छायाचित्रकार तुम्हाला सगळा तपशील लिहून पाठवणार, कारण त्यांना तो सांगायचाच असतो. तो तुमच्याकडे ठेवा. तुम्ही म्हणाल की हे सगळं इन्स्टाग्रामवर आधीच आलेलं असतं. असतं. पण ते वाचणारे बहुतेक आमच्या ओळखीचेच, वर्षातून अनेकदा येणारे असतात, आणि त्यांना रागावता येतं. तुमचा पेपर रिसॉर्टच्या टेबलावर पडलेला असतो. पहिल्यांदाच जंगल पाहायला आलेलं कुटुंब चहा पिताना तो उचलतं आणि मग त्यांना तेच चार हवे असतात.

१ जुलैपासून कोअर, म्हणजे आतलं मुख्य जंगल, तीन महिने बंद राहील. बफरमधली काही गेटं मात्र पावसातही चालू असतात आणि फोटोतली वाघीण बफरमधलीच आहे. तुमची पावसाळी पर्यटनाची पुरवणी जूनमध्ये निघते, तिचं काम सुरू व्हायच्या आत हे पत्र पुरवणी पाहणाऱ्यांना दाखवावं, ही विनंती. माझं नाव छापू नये.

आपली वाचक,
एक गाईड
ता. भद्रावती, जि. चंद्रपूर