कळा आणायच्या की वाट बघायची

प्रिय मनू,

तुझा व्हॉइस मेसेज काल रात्री तीनदा ऐकला. तिकडे न्यू जर्सीत डॉक्टर म्हणते 39 आठवडे भरले की ॲडमिट हो, आपण कळा आणू, आणि इकडून काकू म्हणतात अजिबात नको, सिझरच होईल. काकूंची भीती उगाच नाहीये गं, त्यांनी माझं बघितलंय.

पण डॉक्टरही हवेत बोलत नाहीये. 2018 मध्ये तुमच्याकडेच अराइव्ह नावाचा मोठा अभ्यास आला, 6,106 पहिलटकरणी, कुठलाच धोका नसलेल्या, साधारण अर्ध्याजणींना 39व्या आठवड्यात कळा आणल्या, बाकीच्यांनी वाट बघितली. कळा आणलेल्यांत सिझर 18.6 टक्के, वाट बघणाऱ्यांत 22.2! बीपीचा त्रासही कमी, 14 च्या जागी 9 टक्के. बाळांना जास्त धोका दिसला नाही.

मग माझं का फिसकटलं? दिवस ठरला तो सासऱ्यांनी काढलेल्या मुहूर्तावर, गर्भपिशवीचं तोंड घट्ट बंद, सकाळी जेल लावलं, मग सलाइनमधून औषध, आणि संध्याकाळी सहाला "प्रोग्रेस नाही" म्हणून सरळ सिझर. आई-बाळ ठीक असतील तर पाण्याची पिशवी फोडून औषध सुरू केल्यावर निदान बारा तास तरी द्यावेत, हे मला नंतर कळलं. तेव्हा गप्प बसले याचा अजून राग येतो.

म्हणून तू विचार. तारीख पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून धरलीय ना, कारण 39 च्या आधी उगाच नको, बाळाच्या फुप्फुसांना त्रास होऊ शकतो. तोंड किती मऊ झालंय, बंद असेल तर ते उघडायला आधी फुगा की गोळी, आणि मुख्य म्हणजे किती वेळ थांबणार. त्या अभ्यासात लेबर रूममध्ये साधारण 20 तास गेले, वाट बघणाऱ्यांचे 14, तेव्हा मनाची तयारी ठेव. औषध जास्त झालं तर कळा एकावर एक येतात आणि बाळाचे ठोके पडू शकतात, म्हणून मशीन सतत लावलेलं हवं.

नाही म्हणालीस तरी चालेल, फक्त 41 च्या पुढे ताणू नकोस. स्वीडनमधल्या एका अभ्यासात 42 आठवड्यांपर्यंत थांबणाऱ्यांत सहा बाळं गेली, 41 ला कळा आणलेल्यांत एकही नाही, म्हणून तो अभ्यास मध्येच थांबवावा लागला.

काकूंशी मी उद्या बोलते. अपॉइंटमेंट झाली की फोन कर, इकडे मध्यरात्र असली तरी.

तुझी,
सुमी