वडिलांचे हृदय लक्षपूर्वक ऐकणाऱ्या डॉक्टरांस

आदरणीय डॉक्टर,

सादर नमस्कार.

रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घेण्यापुरते आलेल्या माझ्या वडिलांच्या छातीला आपण स्टेथोस्कोप लावलात, उजवीकडे दुसऱ्या आणि तिसऱ्या बरगडीच्या मध्ये व नंतर मानेपाशी पुन्हा ऐकलेत आणि लगेच टू-डी इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, चिठ्ठी दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

वडिलांची स्वतःची काहीच तक्रार नव्हती. धाप लागते का, असे विचारले असते तर त्यांनी ठामपणे नाही म्हटले असते, कारण धाप लागेल अशी कामे त्यांनी हळूहळू बंदच केली होती. आपण मात्र विचारलेत, ‘गेल्या दिवाळीला जमत होते, त्यातले आता काय सोडून दिलेत?’ तेव्हा गच्चीचा जिना, मंडईची पिशवी आणि सकाळचा फेरा एकेक करून बाहेर आले. हे सारे आम्ही वयाच्या खाती जमा केले होते.

इकोमध्ये, हृदयातून शरीराला रक्त नेणाऱ्या महाधमनीच्या झडपेवर कॅल्शियम साचलेले दिसले. निरोगी माणसात तीन ते चार चौरस सेंटिमीटर उघडणारी ही झडप त्यांच्यात एक चौरस सेंटिमीटरही उघडत नव्हती. अशी झडप औषधाने मोकळी होत नाही आणि धाप, चक्कर किंवा छातीत दुखणे सुरू झाल्यावर उपचाराविना बहुधा दोन-तीन वर्षेच हाती उरतात, हे आपण न घाबरवता, पण आडपडदा न ठेवता सांगितलेत. छाती न उघडता, नळीवाटे नवी झडप बसवण्याचा उपचार फ्रान्समधील रूआँ येथे डॉ. अलँ क्रिबिए यांनी २००२ साली प्रथम केला; वडिलांनाही तशीच, जांघेतील रोहिणीतून नळी नेऊन, नवी झडप बसवली गेली.

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पंचाहत्तरी गाठलेल्यांपैकी सुमारे आठांत एकाला हृदयाच्या कोणत्या ना कोणत्या झडपेचा मध्यम किंवा तीव्र विकार आढळला होता. तरीही आपल्याकडच्या शिबिरांत साखर आणि रक्तदाब मोजला की तपासणी संपते, हे मला पटत नाही. हृदय फार थकले की अरुंद झडपेतून रक्त जाताना येणारा, स्टेथोस्कोपने ऐकू येणारा आवाजही क्षीण होतो, म्हणून तक्रारी असतील तर आवाज नसतानाही इको करावा, हेही आपणच समजावलेत.

ज्येष्ठ नागरिक संघाच्या पुढच्या शिबिरात प्रत्येकाचे हृदय स्टेथोस्कोपने ऐकले जावे, असा आग्रह वडिलांनी धरला असून संघाने तो मान्य केला आहे. त्या सकाळी आपण थोडा वेळ द्यावा, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
एका रुग्णाचा मुलगा